बेणे, खत आणि वीतभर अंतर

वर्गात एकदा हा प्रश्न विचारून पाहावा : बटाट्याचे बी कसे असते? मरोळसारख्या मुंबईच्या उपनगरात मुलांनी बटाटा बहुधा भाजीवाल्याच्या हातगाडीवरच पाहिलेला असतो. तिथे दोन उत्तरे हमखास येतील. काही मुले म्हणतील, 'बटाट्याला बी नसतेच.' काही म्हणतील, 'बटाटा जमिनीत येतो, म्हणजे तो मूळ आहे.' दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, पण पुढच्या चर्चेला दोन्ही उपयोगी पडतात.

बटाट्याच्या झाडाला फुले येतात. काही जातींना लहान हिरव्या टोमॅटोसारखी फळेही धरतात आणि त्यांत बारीक बी असते. शेतकरी मात्र ते पेरत नाही. तो बटाटाच लावतो. बटाटा हे मूळ नसून जमिनीखाली फुगलेले खोड, म्हणजे कंद आहे आणि त्याच्यावरचे 'डोळे' हे त्या खोडावरचे अंकुर आहेत. लागवडीसाठी राखून ठेवलेल्या बटाट्याला शेतकरी 'बेणे' म्हणतो. या बेण्याच्या बाबतीत शेतकऱ्यापुढे नेहमी तीन प्रश्न असतात. बेणे केवढे असावे? दोन बेण्यांत अंतर किती ठेवावे? आणि खत किती द्यावे? प्रश्न साधे दिसतात. पण त्यांची उत्तरे शोधता शोधता शंभराहून अधिक वर्षे गेली आणि त्या शोधात शेतीशास्त्राइतकीच संख्याशास्त्राचीही वाढ झाली. ती हकिगत आपण पाहू.

साष्टीतला एक शब्द

मरोळ हे साष्टी बेटावरचे जुने गाव. १५३४ च्या वसईच्या तहाने साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी ती जिंकून घेतली. मरोळला १५७९ मध्ये बांधलेल्या पोर्तुगीजकालीन चर्चचे अवशेष आजही सीप्झच्या आवारात उभे आहेत. १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे वस्ती हलली आणि ते चर्च ओस पडले. पोर्तुगीजांची सत्ता गेली, पण त्यांनी आणलेले काही शब्द आपल्या स्वयंपाकघरात राहून गेले. 'बटाटा' हा त्यांतलाच एक. उत्तरेत ज्याला 'आलू' म्हणतात त्याला मराठी, गुजराती आणि कोकणी माणूस पोर्तुगीज शब्दाच्या जवळचे नाव देतो.

गंमत अशी की 'बटाटा' हा शब्द मुळात वेस्ट इंडीज बेटांवरच्या ताइनो लोकांचा आणि त्यांच्या भाषेत तो रताळ्यासाठी होता. युरोपीय खलाशांनी दोन्ही कंदांच्या नावांची सरमिसळ केली. त्यामुळे सतराव्या शतकातल्या एखाद्या प्रवासवर्णनात हा शब्द आला, तर लेखकाने बटाटा खाल्ला की रताळे, हे ठरवणे अवघड जाते. इतिहास शिकवताना जुन्या कागदातला शब्द आजच्या अर्थाने वाचू नये, हे सांगायला हे उदाहरण फार चांगले आहे.

पश्चिम भारतात बटाट्याची शेती वाढली ती एकोणिसाव्या शतकात. महाबळेश्वरला ठेवलेल्या चिनी कैद्यांनी तिथे बटाटा आणि इतर भाज्या पिकवल्या. शतकाच्या उत्तरार्धात पुणे जिल्ह्यातल्या खेड आणि जुन्नर भागात बटाटा हे विक्रीचे पीक झाले. मुंबईसारखी मोठी बाजारपेठ जवळ होती आणि माल टिकाऊ होता. अडचण होती ती बेण्याची.

खाण्याचेच बेणे

ही अडचण समजण्यासाठी थोडे गणित करू. गव्हाच्या एका हेक्टराला सुमारे १०० किलो बी लागते आणि चांगल्या पिकात ३० ते ४० क्विंटल गहू मिळतो. म्हणजे एकाचे तीस-चाळीस होतात. बटाट्याच्या हेक्टराला ३० क्विंटलच्या आसपास बेणे लागते आणि २०० क्विंटल उत्पादन आले, तर एकाचे जेमतेम सहा-सात होतात. शिवाय हे बेणे म्हणजे खाता येणारा, विकता येणारा मालच असतो. त्यामुळे बटाट्याच्या शेतीत बेण्याचा खर्च हा सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक असतो. बेण्याचा हिशेब चुकला, की पीक चांगले येऊनही हाती काही राहत नाही.

दुसरी अडचण साठवणीची. पुणे जिल्ह्यात बटाट्याचे दोन हंगाम. खरिपाची लागवड पावसाच्या सुरुवातीला होते, तर रब्बीची पावसाळा संपल्यावर. रब्बीचा बटाटा फेब्रुवारीच्या सुमारास निघतो. तो खरिपाच्या बेण्यासाठी ठेवायचा, तर मार्च ते मे हे वर्षातले सर्वांत तापलेले महिने त्याने काढले पाहिजेत. खरिपाचा बटाटा रब्बीसाठी वापरायचा, तर तो नुकताच निघालेला असतो आणि ताज्या कंदाला सुप्तावस्था असते. काही आठवडे त्याचे डोळे फुटतच नाहीत. शीतगृहे नव्हती तेव्हा शेतकरी झाडाच्या सावलीत बटाट्याचा ढीग करून, वर पाचट पसरून 'अरण' लावीत. अरणीत बटाटा काही काळ टिके, पण उष्णतेने सडण्याचे भय कायम असे.

इटलीहून आलेले बेणे आणि पाहुणा

यावर व्यापाऱ्यांनी शोधलेला उपाय म्हणजे बाहेरचे बेणे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीहून जहाजाने मुंबई बंदरात बेणे येई आणि तिथून ते पुण्याकडच्या शेतांत जाई. १९०६ च्या सुमारास या इटालियन बेण्याबरोबर एक नको असलेला पाहुणाही आला. तो म्हणजे बटाट्यावरील पाकोळी. हा छोटा, करड्या रंगाचा पतंग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याची मादी बटाट्याच्या डोळ्यांजवळ अंडी घालते, अळी कंद पोखरत आत शिरते आणि तिच्या वाटेने कूज शिरते. शेतात तिचा त्रास होतोच, पण खरा विनाश होतो तो साठवणीत. ज्या अरणीवर पुढच्या हंगामाची भिस्त, तिच्यातच ही कीड वाढू लागली.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी या प्रश्नाकडे लक्ष दिले. मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आसामात चहावर संशोधन करून ते १९०७ मध्ये पुण्याला आले. पिंपळे सौदागर आणि जातेगाव बुद्रुक या गावांच्या त्यांच्या आर्थिक पाहण्या अभ्यासकांना परिचित आहेत. शेतकऱ्याचा जमाखर्च मांडण्याची सवय असलेल्या या माणसाने बटाट्याचा अभ्यासही एकट्याने केला नाही. १९२० च्या सुमारास मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने पश्चिम भारतातल्या बटाटा लागवडीवर एक पुस्तिका काढली. तिच्यावर मॅन यांच्याबरोबर नागपूरकर, कुलकर्णी, कासरगोडे, परांजपे आणि जोशी अशी नावे आहेत. कुलकर्णी वनस्पतिरोगांचे जाणकार, तर कासरगोडे कीटकांचे. बेण्याचे दुखणे एका विषयाच्या चौकटीत मावत नाही, हे या यादीवरूनच लक्षात येते.

बटाट्याच्या शेतातले संख्याशास्त्र

आता खताच्या प्रश्नाकडे वळू आणि त्यासाठी थोडा वेळ इंग्लंडला जाऊ. तिथल्या रोथॅमस्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३ पासून खतांचे दीर्घकालीन प्रयोग चालवले होते. बटाट्यावरचे त्यांचे प्रयोग १८७६ ते १९०१ या काळात चालले. आकड्यांचे ढीग जमले होते. पण एका वाफ्यात जास्त उत्पादन आले ते खतामुळे की तिथली माती मुळातच चांगली होती म्हणून, हे खात्रीने सांगण्याची रीत नव्हती.

१९१९ मध्ये रोनाल्ड फिशर हा तरुण गणिती रोथॅमस्टेडला आला. १९२३ मध्ये त्याने विनिफ्रेड मॅकेन्झी यांच्याबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. बटाट्याच्या १२ जाती, शेणखत दिलेले व न दिलेले वाफे आणि पालाशाचे वेगवेगळे प्रकार अशा प्रयोगाचे आकडे त्यात होते. एकूण फरकातला किती वाटा जातीचा, किती खताचा आणि किती निव्वळ योगायोगाचा, हे वेगळे काढण्याची पद्धत त्याने वापरली. आज जगभर सर्व विज्ञानशाखांत वापरले जाणारे 'प्रचरण विश्लेषण' प्रत्यक्ष प्रयोगाच्या आकड्यांवर प्रथम छापून आले ते असे बटाट्याच्या शेतातून. त्या प्रयोगाची आखणी सदोष होती, आणि पुढे फिशरने आपली पद्धत सुधारली. वाफ्यांना खत कोणते द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे, प्रत्येक उपचार अनेकदा करावा आणि दोन-तीन घटक एकाच प्रयोगात एकत्र तपासावेत, ही त्याची सूत्रे.

शेवटचे सूत्र आपल्या विषयाचे मर्म आहे. खताचा प्रयोग वेगळा आणि अंतराचा वेगळा केला, तर एक महत्त्वाची गोष्ट नजरेतून सुटते. दाट लागवडीला जे खत लागू पडते ते विरळ लागवडीला तितकेच लागू पडेल असे नाही. एका घटकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असतो. तो दोन्ही घटक एकत्र बदलल्याशिवाय दिसत नाही.

ही पद्धत भारतात रुजवणाऱ्यांत दोन मराठी नावे ठळक आहेत : विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. शेतीतल्या प्रयोगांसाठी त्यांनी लिहिलेले संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ मध्ये निघाले आणि भारतातल्या कृषी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. योगायोग असा की भारतातून निवृत्त झालेले मॅनही १९२८ पासून रोथॅमस्टेडशी निगडित वोबर्न प्रयोगक्षेत्रावर काम करीत होते.

अंतराचा हिशेब

दोन ओळींत ६० सेंटिमीटर अंतर धरू. एका ओळीत बेण्या-बेण्यांत ३० सेंटिमीटर ठेवले, तर हेक्टरी सुमारे ५५,५५५ झाडे बसतात. २० सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीतभर ठेवले तर ८३,३३३, आणि १५ सेंटिमीटर ठेवले तर १,११,१११. प्रत्येक बेणे ४० ग्रॅमचे असेल, तर बेणे लागेल अनुक्रमे २२, ३३ आणि ४४ क्विंटल. विद्यार्थ्यांकडून हे आकडे जरूर काढून घ्यावेत. क्षेत्रफळाचे इतके जिवंत उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचित सापडते.

दाट लावले की उत्पादन वाढते, पण काही मर्यादेपर्यंतच. त्यानंतर झाडे प्रकाश, पाणी आणि अन्नद्रव्ये यांसाठी झगडतात. मात्र दाटीचा आणखी एक परिणाम होतो. कंदांची संख्या वाढते आणि सरासरी आकार घटतो. १९६५ मध्ये ब्लीसडेल या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवले, की झाडे मोजण्यापेक्षा जमिनीतून वर आलेली खोडे मोजणे अधिक योग्य. मोठ्या बेण्यावर डोळे जास्त, म्हणून त्यातून खोडेही जास्त निघतात. प्रत्येक खोड जणू एक स्वतंत्र झाड असते. म्हणून बेण्याचा आकार आणि अंतर हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत : चौरस मीटरला खोडे किती?

आता नफ्याकडे येऊ. समजा बेण्याचा भाव किलोला २० रुपये आणि खाण्याच्या बटाट्याचा १० रुपये आहे. अंतर २० वरून १५ सेंटिमीटरवर आणले, तर ११ क्विंटल बेणे जास्त लागेल. त्याचा खर्च सुमारे २२,००० रुपये. खाण्याचा बटाटा विकणाऱ्याला एवढा खर्च भरून काढायलाच २२ क्विंटल जादा उत्पादन हवे, आणि बाजारात लहान बटाट्याला भावही कमी. त्याला दाटी परवडत नाही. पण जो बेणेच पिकवतो, त्याला लहान, साधारण ३० ते ६० ग्रॅमचेच कंद हवे असतात. ते बेण्याच्या भावाने विकले जातात. त्याचा जादा खर्च ११ क्विंटल कंदांतच वसूल होतो. एकच अंतर एकाला तोट्यात नेते आणि दुसऱ्याला फायद्यात. म्हणून 'बटाट्याचे योग्य अंतर किती?' याचे उत्तर देण्यापूर्वी 'विकायचे काय आहे?' हे विचारावे लागते.

खताचा हिशेब

खताच्या बाबतीतही असेच आहे. १९०९ मध्ये मिट्‌शरलिख या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवले, की खताच्या प्रत्येक पुढच्या मापाने होणारी वाढ आधीच्या मापापेक्षा कमी असते. म्हणून जास्तीत जास्त उत्पादन देणारी मात्रा आणि जास्तीत जास्त नफा देणारी मात्रा एक नसते. नफ्याची मात्रा नेहमी थोडी आधी येते. शेवटच्या किलो खताची किंमत त्यातून वाढलेल्या बटाट्याच्या किमतीएवढी झाली, की थांबावे.

आपल्या उपनगरांचा या हिशेबाशी जवळचा संबंध आहे. मरोळहून फार लांब नसलेल्या ट्रॉम्बेच्या कारखान्यात १९६५ पासून खत तयार होऊ लागले. तिथल्या 'सुफला १५:१५:१५' या खताच्या गोणीवर छापलेले तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे शेकडा प्रमाण. ५० किलोच्या गोणीत प्रत्येकी साडेसात किलो. हेक्टरी १०० किलो नत्र केवळ या खतातून द्यायचे, तर किती गोण्या लागतील? तेरा-चौदा.

पण नत्र दुधारी आहे. ते कमी पडले तर पाला खुंटतो. जास्त झाले तर झाड पाल्यातच रमते, कंद उशिरा धरतात आणि मोठे होतात. बेण्याला मोठे कंद नकोत. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की भरपूर नत्राने गडद हिरव्या झालेल्या पाल्यावर विषाणुरोगांची लक्षणे झाकली जातात. बेण्याच्या शेतातून रोगट झाडे ओळखून उपटावी लागतात. ती ओळखूच आली नाहीत, तर रोग बेण्यातून पुढच्या वर्षी नव्या शेतात जातो. म्हणून बेण्याच्या पिकाला खाण्याच्या पिकापेक्षा नत्र कमी देतात. इथे खताचा परिणाम यंदाच्या वजनकाट्यावर दिसत नाही. तो पुढच्या वर्षी, बेणे विकत घेणाऱ्याच्या शेतात दिसतो.

खेडपासून जालंधरपर्यंत

विषाणू हा बेण्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा खलनायक. बटाटा कंदापासून वाढतो, त्यामुळे एकदा शिरलेला विषाणू पिढ्यान्‌पिढ्या सोबत राहतो. उत्पादन दर वर्षी घसरते. जुने शेतकरी म्हणत, 'बेणे थकले.' मावा नावाचे छोटे कीटक हा रोग झाडाझाडांत पसरवतात. १९४९ मध्ये पाटण्याला स्थापन झालेली केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९५६ मध्ये सिमल्याला गेली. डोंगरावर थंडीमुळे मावा कमी, म्हणून निरोगी बेणे तिथेच होते असा समज होता. संस्थेतले शास्त्रज्ञ पुष्करनाथ यांनी दाखवले, की उत्तरेच्या मैदानातही ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मावा फारसा नसतो. तेव्हा बेण्याचे पीक ऑक्टोबरमध्ये लावावे, रोगट झाडे उपटावीत आणि शंभर पानांमागे मावा वीसपर्यंत पोचण्याआधी, म्हणजे डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत, पालाच कापून टाकावा. पाला कापल्याने कंद मोठे होणे थांबते, तेही बेण्याला हवेच असते. या पद्धतीने पंजाबातला जालंधर परिसर देशाचे बेण्याचे कोठार झाला.

महाराष्ट्राच्या वाट्याला त्या संस्थेच्या नव्या जाती आल्या. १९७२ ची 'कुफरी लवकर' ही दख्खनच्या पठारासाठीची, नावाप्रमाणे लवकर तयार होणारी जात. पुढे १९९८ ची 'कुफरी पुखराज' मंचर-खेडकडे लोकप्रिय झाली. खेडला, म्हणजे राजगुरुनगरला, या संस्थेचे केंद्रही होते. १९९८ मध्ये कांदा-लसणाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र राजगुरुनगरला आले. बेणे मात्र आजही मुख्यतः उत्तरेतून येते. सातगाव पठारावरचा शेतकरी पावसावर खरिपाचा बटाटा घेतो, तेव्हा बेण्याचा भाव दूरच्या बाजारात ठरलेला असतो. एकेकाळी ते जहाजाने इटलीहून यायचे, आता ट्रकने पंजाबातून येते. शीतगृह आले, पाकोळीचे भय कमी झाले, पण परावलंबन संपले नाही. ऊतिसंवर्धनाने आणि हवेत मुळे वाढवून तयार केलेल्या विषाणुमुक्त छोट्या कंदांकडे आज आशेने पाहिले जाते. हे कंद काही ग्रॅमचेच असतात. त्यांना अंतर किती आणि खत किती, हा जुना प्रश्न त्यांच्या निमित्ताने नव्याने विचारावा लागतो.

गच्चीवरचा प्रयोग

शिक्षकमित्रहो, हा प्रयोग शाळेत करता येतो. त्यासाठी शेत नको. सिमेंटच्या १२ रिकाम्या गोण्या धुऊन, तळाला भोके पाडून मातीने सारख्या भराव्यात. निम्म्या गोण्यांत एक घमेले शेणखत घालावे, निम्म्यांत दोन. आरे वसाहतीचे गोठे जवळ असल्याने मरोळकरांना शेणखताची वाण पडू नये. प्रत्येक गटातल्या निम्म्या गोण्यांत कोंब आलेला एक बटाटा लावावा, निम्म्यांत तीन. अशा चार जोड्या होतील आणि प्रत्येक जोडीच्या तीन गोण्या. कोणती गोणी गच्चीवर कुठे ठेवायची ते मुलांनी चिठ्ठ्या टाकून ठरवावे. लागवड नोव्हेंबरमध्ये करावी. मुंबईतल्या जेमतेम थंड रात्री डिसेंबर-जानेवारीतच मिळतात आणि कंद धरायला त्या लागतात.

तीन महिन्यांनी गोण्या उलट्या कराव्यात. कंद मोजावेत, वजन करावे आणि २५ ग्रॅमखालचे, २५ ते ७५ ग्रॅमचे आणि त्यावरचे असे तीन ढीग लावावेत. लावलेल्या बटाट्यांचे वजन उत्पादनातून वजा करायला विसरू नये. मग वर्गाचे दोन गट करावेत, एक खाण्याचा बटाटा विकणारा आणि एक बेणे विकणारा. दोघांना त्या दिवशीचे बाजारभाव देऊन विचारावे, कोणत्या जोडीत फायदा झाला? दोन गटांची उत्तरे वेगळी आली, तर फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी लिहावीत आणि कारण मुलांकडूनच काढून घ्यावे.